हाराखालचा मेल

दामिनी काटेखायेला एक खोड आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तिची गोष्ट सुरूच होत नाही. जे बटन कोणी दाबत नाही, ते ती दाबून पाहते. लहानपणी भिलाईत सेक्टर दोनच्या क्वार्टरात वडिलांच्या रेडिओच्या पाठीला एक बारीकशी कळ होती. ती कशाची, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. दामिनीनं ती फिरवली. त्यानंतर तो रेडिओ जो खरखरायला लागला, तो भंगारात जाईपर्यंत खरखरतच राहिला. वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून पोलादाच्या प्लांटात लागलेले, सोशिक माणूस. त्यांनी पोरीवर हात उगारला नाही. एवढंच म्हणाले, "दुसऱ्याची कळ फिरवाच्या आधी त्याले इचारत जाय, बाई." हे वाक्य दामिनी विसरली नाही. कळा फिरवणं मात्र सुटलं नाही.

आता ती पंचेचाळिशी ओलांडलेली बाई आहे. सकाळी वैशाली नगरातून स्कूटी काढते, सुपेला चौकात एखाद्या ऑटोवाल्याशी हुज्जत घालते आणि जामुलच्या रस्त्यावरच्या वैद्यांच्या कारखान्यात येऊन बसते. कारखाना लहानच. ओळीनं लेथ, भोकं कोरायची एक जुनी बोरिंग मशीन, आणि मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवायचं काम. नरहरी वैद्य प्लांटातले अफसर होते, रिटायर झाल्यावर त्यांनी हा उभा केला. ते गेले, आता मुलगा धनंजय पाहतो. दामिनी टायपिंगला म्हणून लागली होती. हळूहळू बिलं, फोन, चहा सांगणं आणि साहेबाचा मूड ओळखणं, सगळंच तिच्या गळ्यात पडलं.

ऑफिसात मेलचा जो प्रोग्राम आहे, तो बाकीचे लोक दोनच कामांना वापरतात. आलेला मेल वाचायचा आणि आपला पाठवायचा. मोठं घर बांधून सगळ्यांनी स्वयंपाकघरातच राहावं, तसला प्रकार. दामिनी मात्र एकेक खोली उघडत गेली. मेल उचलून कॅलेंडरवर टाकला की त्याची आपोआप आठवण तयार होते, हे तिला सापडलं. मेलमध्येच बटनं लावून मतं मागता येतात, हेही सापडलं, आणि तिनं लगेच कारखान्यात चहासोबत समोसा की आलूगुंडा, म्हणजे बटाटेवडा, यावर मतदान घेतलं. फोरमन देवाजीनं आधी समोसा दाबला, मग मन बदललं, आणि प्रोग्रामनं त्याचं बदललेलं मत मुकाट्यानं मोजलं. दामिनीला त्या गोष्टीचा दोन दिवस आनंद पुरला. एकदा तिला असंही बटन सापडलं की मेलवरची एखादी चर्चा नको झाली तर त्या चर्चेतले आलेले आणि पुढे येणारेही मेल सरळ कचऱ्यात जातात. ते तिनं चांगल्या गिऱ्हाइकाच्या चर्चेवर दाबून पाहिलं, आणि तो बिचारा आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात, ते काही उगीच नाही.

प्रोग्राम बनवणारे लोक आपल्या बातम्या कुठल्याशा पानावर टाकतात. काय नवं येणार, काय बंद होणार, कुठली चूक सापडली. हे पानही ती वाचते. इंग्रजी मजकूर मोबाईलकडून हिंदीत करून घेते आणि जेवताना नवऱ्याला ऐकवते. नवरा बाबुलाल प्लांटाच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, आहे. त्याला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण बायको बोलताना खुश दिसते म्हणून तो ऐकतो.

या सगळ्या कळांमधली एक कळ मात्र कारखान्याच्या फार कामाला आली. त्याला कारण धनंजय साहेब. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढे त्याला शिव्या पडतील. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायला वेळ लागत नाही. आणि राग आला की तो ओरडत नाही, मेल करतो. केबिनच्या दारातून तो बोलतो, दामिनी टाइप करते. एकदा रायपूरच्या जुन्या गिऱ्हाइकानं माल नापसंत केला, तर साहेब म्हणाला, "लिही, गाढवाला गुळाची चव काय." दामिनीनं लिहिलं. गिऱ्हाईक गेलं ते परत फिरकलं नाही.

त्यानंतर दामिनीनं नियमांची खिडकी उघडून साहेबाला दाखवली. पाठवलेला मेल लगेच जाऊ द्यायचा नाही, आपण सांगू तितका वेळ आउटबॉक्समध्ये बसवून ठेवायचा, असा नियम त्यात करता येत होता.

"मी काय लहान पोर आहे?" साहेब म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "किती वेळ थांबवता येतो?"

"जास्तीत जास्त दोन तास."

"मग दोन तास लाव."

नियम लागला. अट एकच होती, आणि ती दामिनीनंच घातली होती. मेल साहेबाचा, तर तो काढायचा की नाही हेही साहेबच सांगणार. ती आपल्या मनानं एकही मेल काढणार नाही. आणि खरंच, कारखान्यात कित्येकांची इज्जत त्या दोन तासांनी वाचवली. केबिनचं दार किलकिलं व्हायचं, साहेब दुसरीकडे पाहत म्हणायचा, "दामिनी, तो मघाचा मेल." ती म्हणायची, "काढते साहेब." विषय संपला.

गेल्या पावसाळ्यात तिनं बातमी वाचली की जुना प्रोग्राम हळूहळू बंद करणार आणि त्याच्या जागी नवा येणार. नव्यात थांबवलेला मेल आपल्या मशीनीत, म्हणजे कॉम्प्युटरात, बसणार नाही, तो प्रोग्रामवाल्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर बसेल. मशीन बंद असली तरी ठरल्या वेळेला तो जाणारच.

"पाहा, किती सुधरून राहिले," तिनं बाबुलालला सांगितलं.

"अन् आता काय होते?"

"आता मशीन चालू पाहिजे. बंद केली तं मेल थितंच राह्यते. पुन्हा चालू केली का मंग जाते."

"दिवसाउजेडी ऑफिसातली मशीन कोण बंद करन वं?" बाबुलाल म्हणाला आणि त्यानं आणखी भात मागितला.

प्रश्न बरोबर होता. दामिनीनं हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. करून पाहायची हौस तिला फार होती, पण तो नियम साहेबाच्याच मेलना लागलेला, त्यांच्यावर प्रयोग कसा करायचा, म्हणून राहून गेलं.

भिलाईत सप्टेंबरातली विश्वकर्मा पूजा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याच्या घरात पाना-पक्कड आहे, त्याच्या घरी त्या दिवशी हार येतो. वैद्यांच्या कारखान्यात नरहरी साहेबांनी घालून दिलेली रीत अशी की आदल्या संध्याकाळी सगळ्या मशीनी पुसून बंद करायच्या, पूजेच्या दिवशी एकीलाही चालवायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून सुरू करायच्या. कॉम्प्युटर आला तेव्हा तोही त्यांनी यात धरला. ज्यावर पोट चालतं ते औजार, असं त्यांचं म्हणणं. आणि या सगळ्याचा कारभारी देवाजी शहारे. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, लेथ विभागाचा फोरमन. धनंजय शाळेत असताना सुट्टीत कारखान्यात यायचा, देवाजी काका म्हणून त्याच्या मागे मागे फिरायचा. खुर्चीवर बसल्यापासून काका गळाला, देवाजी उरला.

या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, देवाजीच्या विभागातून गेलेला माल परत आला. भोक ठरल्यापेक्षा मोठं झालं होतं, आणि वाढलेलं भोक लहान करता येत नाही, अख्खा माल भंगार. साहेबानं मालासोबत आलेली चिठ्ठी वाचली, देवाजीला बोलावलंही नाही. दारात उभा राहिला.

"लिही. देवाजी शहारे यांस. तुमच्या डोळ्याला दिसत नाही आणि हाताला कळत नाही. वडिलांच्या लिहाजानं इतके दिवस पोसलं, आता बस झालं. उद्यापासून कारखान्यात पाऊल ठेवू नका. पूजेलाही येऊ नका."

दामिनीची बोटं 'पोसलं'वर अडखळली. तिनं मागे वळून पाहिलं. साहेब म्हणाला, "लिही." तिनं लिहिलं, पाठव दाबलं, मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसला. दोन तासांत दार उघडेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण आज दार उघडलं ते साहेब घरी निघाला म्हणून. गाडी काढली आणि तो गेला. दामिनीनं फोन लावला, तो त्यानं उचलला नाही. मग ती खुर्चीला खिळून बसली. वाईट या गोष्टीचं वाटत होतं की मेल तिच्याच हातानं लिहिला होता. देवाजी मोबाईलवर ऑफिसचे मेल चष्मा लावून, ओठ हलवत वाचतो. हाही तसाच वाचणार होता.

दोन तास संपायच्या आत देवाजी स्वतः आला. हातात ओलं फडकं, खांद्यावर कोरडं.

"उठा बाई. तुमची मशीन पुसाची हाये."

"राहू द्या न थोडं, देवाजी भाऊ."

"मले अजून पंखे पुसाचे हायेत. तुमचं काय अडून राह्यलं?"

काय अडलंय ते सांगता येत नव्हतं. मेल काढून टाकावा, तर तो तिचा नव्हता, वडिलांचं ते रेडिओचं वाक्य आडवं येत होतं. मशीन चालू ठेवावी, तर मेल जाणार. आणि बंद झाली तर? वाचलं होतं ते खरं असेल तर तो राहील. खरं नसेल तर देवाजी घरी पोचेपर्यंत त्याच्या खिशात पोचेल. दामिनी उठून बाजूला झाली. देवाजीनं पडदा पुसला, कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून निघालेल्या फरसाणाकडे पाहून तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या बोटानं मशीन बंद केली. मग तिच्यावर टॉवेल झाकला.

घरी दामिनीला जेवण गेलं नाही. मुलगी टीना म्हणाली, "मम्मी, फोन को ऐसे क्यों देख रही हो?" फोन तिचा असून उपयोग नव्हता. फोन देवाजीचा वाजायचा होता.

पूजेच्या दिवशी ती पोचली तेव्हा देवाजी पांढरा शर्ट घालून जुन्या बोरिंग मशीनला हळद-कुंकू लावत होता. चेहरा नेहमीचाच. दामिनीचा जीव भांड्यात पडला. वाचलेलं खरं होतं. मेल तिच्या टेबलावर, झेंडूच्या हाराखाली बसला होता. एवढ्या काळजीतही तिला वाटलं की टॉवेल सारून एकदा पाहावं.

मग साहेब आला. फाटकातून आत आला आणि देवाजीला पाहून जागच्या जागी थांबला. दामिनीला ते दिसलं, आणि एका क्षणात सगळा उलगडा झाला. साहेबाच्या हिशेबी मेल काल संध्याकाळीच गेला होता. पूजेलाही येऊ नका असं वाचून हा माणूस आला होता, आणि मशीनींना टिळे लावत होता.

वैद्यांकडे दर पूजेला सगळ्यात जुना कामगार मालकाच्या मनगटाला लाल धागा बांधतो. देवाजीनं धागा काढला. साहेबानं हात पुढे केला, पण मान वर केली नाही.

"साहेब," धागा गुंडाळता गुंडाळता देवाजी हळू आवाजात म्हणाला, "कालचा माल माह्याच चुकीनं गेला. भोक मोजाचं गेज घासलेलं होतं, मी पाह्यलं नाही. तुमी बोलले नाही, हेच लय झालं. मोठे साहेब असते तं कान धरला असता."

 साहेबानं कसाबसा प्रसाद घेतला आणि दामिनीला खूण करून पाण्याच्या टाकीमागे बोलावलं. डोळे भरले होते.

"हा माणूस ते वाचून आला," तो म्हणाला. "वर म्हणतो, तुम्ही बोलले नाही. त्याच्या जागी मी असतो तर तोंड पाहिलं नसतं. दामिनी, आता कोणत्या तोंडानं माफी मागू?"

इथे दामिनीनं गप्प बसायचं होतं. शहाणी बाई बसली असती. पण जे माहीत आहे ते पोटात ठेवणं हे तिच्या जन्मात नाही.

"साहेब, मेल गेलाच नाही," ती म्हणाली. "मशीन बंद होती न. जुना प्रोग्राम हाये, मशीन बंद असली का मेल आतच राह्यते."

साहेब तिच्याकडे वळला. "म्हणजे त्याला काहीच माहीत नाही?"

"काहीच नाही."

आणि त्याचा चेहरा बदलला. डोळे रुमालानं पुसले गेले, खांदे सरळ झाले. "असं आहे होय," तो म्हणाला. "मग आला त्यात काय मोठं. दरवर्षी येतो." रुमाल खिशात ठेवत त्यानं विचारलं, "उद्या मशीन सुरू केली की?"

"लगेच जाईल. त्याची वेळ तं कालच होऊन गेली."

"उद्या पाहू," साहेब म्हणाला आणि पूजेच्या पंगतीत वाढायला निघून गेला.

दामिनी टाकीपाशीच उभी राहिली. माफी त्याच्या ओठांपर्यंत आली होती आणि तिनं ती परत पाठवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी बुंदी कशी होती, ते तिला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. नारळ फुटला, बाहेर एकेक लेथ घुमायला लागला. तिनं टेबलाखाली वाकून आधी नेटची वायर काढली आणि मग मशीन सुरू केली. प्रोग्राम उघडला. आउटबॉक्समध्ये मेल होता, जशाचा तसा. खरंच थितंच राह्यते, असं ती मोठ्यानं बोलून गेली, आणि आनंद झाल्याची तिला लाज वाटली. काढून टाकायला एक बटन पुरत होतं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि साहेबाची वाट पाहिली.

साहेब आला, तिच्या मागे उभा राहिला. "दाखव."

रागात लिहिलेला मेल थंड डोक्यानं वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दार किलकिलं करून तो काढायला सांगायचा, पाहायचा नाही. आज तो वाचत होता, सावकाश. 'पोसलं'पाशी थांबला. शेवटच्या ओळीपाशी त्याचा अंगठा मनगटावरच्या धाग्यावर गेला.

"वायर लावली की जाईल?"

"हो."

"आणि नाही लावली तर?"

"कधीतरी लावाच लागन, साहेब."

तेवढ्यात देवाजी आत आला. हातात नवं कोरं गेज होतं, ते त्यानं टेबलापलीकडूनच साहेबाच्या समोर धरलं. "आणलं साहेब. आजपासून मीच बसतो मशीनीवर." मग दामिनीकडे वळला. "बाई, तुमची मशीन चालू झाली काय? माह्या नावानं काही मेल हाय काय, पाहा बरं. सकाळपासून काही येऊन नाही राह्यलं."

दामिनीनं या वेळी तोंड उघडलं नाही. वायरीचं टोक तिच्या मुठीत होतं. पडदा देवाजीकडे पाठ करून होता. चार पावलं आत आला असता तर त्यानं स्वतःच वाचलं असतं.

"होता, काका," साहेब म्हणाला.

किती वर्षांनी तो शब्द त्या खोलीत आला, ते देवाजीलाही लगेच कळलं नसावं. 

"तुमच्याच नावाचा होता," साहेब म्हणाला. "परवा मी लिहिला होता. तुम्ही मशीन बंद केली, म्हणून राहून गेला."

देवाजीनं जीभ चावली. "चुकलं, साहेब. मले बाईनं सांगतलं होतं, थोडं राहू द्या म्हणून. मी आयकलं नाही. मंग आता पाठवा न."

साहेब दामिनीच्या खांद्यावरून पुढे वाकला आणि स्वतःच्या बोटानं मेल काढून टाकला. आवाज काहीच झाला नाही. "आता पाठवायचा नाही," तो म्हणाला.

"पुडच्या वर्षी इचारून बंद करीन," देवाजी ओशाळून म्हणाला.

"विचारू नका, काका. माझं काहीही चालू असलं तरी सरळ बंद करा."

देवाजीला त्यातलं काही कळलं नाही. साहेबाचा आवाज असा का झाला, हेही कळलं नाही. मान हलवून तो आपलं गेज घेऊन मशीनीवर गेला. साहेब केबिनमध्ये गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. दामिनीनं वायर लावली, आणि अडकलेले सगळे मेल धडाधड यायला लागले.

दुपारी डबा खाताना तिनं प्रोग्रामवाल्यांचं ते पान उघडलं. खाली एक चौकट होती, काय हवं ते लिहा, का हवं तेही लिहा. तिनं आधी खूप लिहिलं. देवाजी, साहेब, रेडिओ, सगळं आलं त्यात. मग सगळं पुसलं आणि हिंदीत दोनच ओळी ठेवल्या. आमच्या गावात वर्षातून एक दिवस मशीन बंद ठेवतात. नव्या प्रोग्राममध्येही त्या दिवशी मेल थांबला पाहिजे.

उत्तर अजून आलेलं नाही. दामिनी रोज पाहते.